यकृतातली गाठ: दुर्बिणीतून काढावी की पोट उघडून?

'लिव्हरमध्ये गाठ आहे आणि ती काढावी लागेल' एवढं कानावर पडलं की पेशंटच्या घरच्यांचा पुढचा प्रश्न जवळपास ठरलेला असतो: "डॉक्टर, दुर्बिणीतून होईल ना?" प्रश्न रास्त आहे. पित्ताशय दुर्बिणीतून निघतं, अपेंडिक्स निघतं, हर्नियाचं ऑपरेशन होतं आणि माणूस दोन-तीन दिवसांत घरी येतो. मग लिव्हरचंच काय एवढं? समजा सर्जन म्हणाले की पोट उघडावं लागेल, तर लगेच मनात येतं, केस हाताबाहेर गेली की काय? आणि सर्जनने दुर्बिणीतून करू म्हटलं, तर दुसऱ्याच बाजूने काळजी सुरू होते: एवढ्याशा भोकांतून कॅन्सर पूर्ण निघेल का? काही मागे राहिलं तर?

या काळजीला गेल्या काही वर्षांत चांगलं उत्तर मिळालं आहे, आणि त्यातला मोठा वाटा नॉर्वेची राजधानी ऑस्लो इथल्या एका अभ्यासाचा आहे. त्याचे आकडे पुढे सविस्तर बघूच. पण ते आकडे नीट कळायचे असतील तर आधी यकृत कापतात म्हणजे नक्की काय करतात, हे माहीत हवं.

यकृत उजवीकडच्या बरगड्यांच्या आड, श्वासपटलाच्या खाली बसलेलं असतं. मोठ्या माणसात त्याचं वजन साधारण सव्वा ते दीड किलो. त्यातून दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहतं. हे रक्त दोन वाटांनी येतं: पाव हिस्सा धमनीतून, आणि पाऊण हिस्सा आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून. खाल्लेल्या अन्नातलं, चरबीचा बराचसा भाग सोडला तर, जवळपास सगळं आधी यकृताकडे जातं ते याच शिरेतून. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी निसटल्या तर त्याही याच वाटेने जातात आणि पहिला मुक्काम यकृतात करतात. म्हणून आतड्याचा कॅन्सर पसरला की बऱ्याचदा पहिली गाठ यकृतात दिसते. हिला यकृताचा कॅन्सर म्हणणं बरोबर नाही. ती यकृतात जाऊन वाढलेली आतड्याच्या कॅन्सरची गाठ असते, आणि तिची औषधंही आतड्याच्या कॅन्सरचीच असतात.

बाहेरून यकृत एकसंध दिसतं. क्लोद क्विनो या फ्रेंच सर्जन-शरीररचनातज्ज्ञांनी १९५० च्या दशकात दाखवून दिलं की रक्तवाहिन्यांच्या फांद्या बघितल्या तर त्याचे आठ भाग पडतात. प्रत्येक भागाला स्वतःचा रक्तपुरवठा आणि स्वतःची पित्तनळी. सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये 'सेगमेंट ६ मध्ये गाठ' असं लिहिलेलं असतं, ते सेगमेंट हेच. दुर्बिणीचा निर्णय गाठीच्या आकारावर जितका ठरतो, तितकाच या आकड्यावर ठरतो. २ आणि ३ हे सेगमेंट डावीकडे, पुढच्या बाजूला असतात. तिथपर्यंत हत्यार सहज पोचतं. ७ आणि ८ वर, श्वासपटलाच्या घुमटाखाली असतात. तिथली दोन सेंटीमीटरची गाठही सर्जनला घाम फोडते.

आता कापण्याबद्दल. यकृत सुरीने सरळ कापता येत नाही, कारण आत सगळीकडे रक्तवाहिन्यांचं आणि पित्तनळ्यांचं जाळं आहे. पापलेट खाताना आपण मांस काढतो आणि काटा तसाच ठेवतो, तसंच काहीसं इथे चालतं: अल्ट्रासाऊंडच्या कंपनांवर चालणारं एक यंत्र यकृताचा मऊ भाग फोडून ओढून घेतं आणि रक्तवाहिन्या मागे उघड्या राहतात. मग एकेक वाहिनी बघायची, बारीक असेल तर डागून बंद करायची, जाड असेल तर क्लिप लावायची किंवा स्टेपलर मारायचा, आणि मगच पुढे सरकायचं. मध्येमध्ये यकृताकडे येणारं रक्त काही मिनिटं आवळून थांबवतात. ग्लासगोचे सर्जन जेम्स होगार्थ प्रिंगल यांनी १९०८ साली ही युक्ती मांडली आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. साधारण पंधरा मिनिटं आवळायचं, पाच मिनिटं सोडायचं, पुन्हा आवळायचं. दरम्यान भूलतज्ज्ञ शिरांमधला दाब मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे मागच्या बाजूने रक्त उसळत नाही. यकृताच्या ऑपरेशनमध्ये भूलतज्ज्ञाचा वाटा किती मोठा असतो हे घरच्यांना सहसा कोणी सांगत नाही. शक्य असेल तर ऑपरेशनआधी त्यांनाही भेटून घ्या.

हे सगळं काम पोट उघडलं तरी करावं लागतं आणि दुर्बिणीतून गेलं तरी करावं लागतं. यकृतावरचं ऑपरेशन तेच आहे. वेगळी आहे ती आत जायची वाट.

पोट उघडून करताना उजव्या बरगडीच्या कडेने लांब छेद घेतात, बऱ्याचदा तो वर मध्यभागी वळवतात. पोटाचे स्नायू कापले जातात, बरगड्या वर ओढून धरल्या जातात. ऑपरेशननंतर माणसाला सर्वात जास्त त्रास यकृताचा नसतो, तो या जखमेचा असतो. खोल श्वास घेतला की दुखतं, म्हणून तो उथळ श्वास घेतो, खोकायला घाबरतो, कफ साठतो, आणि न्यूमोनियाला वाट मिळते. काही महिन्यांनी त्याच जागी हर्निया येऊ शकतो.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात आणि पाच ते बारा मिलिमीटरची चार-पाच भोकं पाडून कॅमेरा आणि हत्यारं आत घालतात. गाठ त्या भोकातून ओढून काढत नाहीत, आणि कॅन्सरच्या गाठीचे आत तुकडेही करत नाहीत. कापलेला भाग अखंडच एका प्लास्टिकच्या पिशवीत घालतात आणि पिशवी वेगळ्या छेदातून बाहेर घेतात. हा छेद बऱ्याचदा ओटीपोटावर, सिझेरियनचे टाके असतात त्या जागी, आडवा घेतलेला असतो. म्हणून 'दुर्बिणीतून केलं तर मग खाली एवढा मोठा टाका कशाला' असं वाटून घेऊ नये. ओटीपोटावरचा तो छेद वरच्या छेदाच्या मानाने पुष्कळ कमी दुखतो आणि श्वासाच्या आड येत नाही.

आतल्या गॅसचा एक अनपेक्षित फायदाही आहे. त्याच्या दाबाने कापलेल्या भागातल्या बारीक शिरांमधून रक्त कमी झिरपतं. शिवाय कॅमेऱ्यामुळे सगळं पडद्यावर मोठं दिसतं. तोटा असा की हाताने यकृत चाचपता येत नाही. खोलवरची लहान गाठ बोटांना लागते, पण पडद्यावर दिसत नाही. ही उणीव भरून काढायला ऑपरेशन चालू असताना यकृतावर थेट अल्ट्रासाऊंडचा प्रोब टेकवतात. पोट उघडून करतानाही हे करावं लागतंच, पण दुर्बिणीत त्याच्याशिवाय चालतच नाही. आणि मोठ्या शिरेतून अचानक रक्त यायला लागलं, तर उघड्या पोटात बोट दाबून ते थांबवता येतं. दुर्बिणीत ते सगळं लांब दांड्याच्या हत्यारांनी करावं लागतं.

म्हणूनच यकृत हा दुर्बिणीला सगळ्यात उशिरा वश झालेल्या अवयवांपैकी एक. पहिली नोंद १९९१ ची, हॅरी राइक या अमेरिकन स्त्रीरोग सर्जनची. त्यानंतर बराच काळ हे थोड्या धाडसी केंद्रांपुरतंच राहिलं. रक्तस्रावाची भीती होती, गॅस शिरेत शिरून हृदयाकडे जाण्याची भीती होती, आणि कॅन्सर भोकांच्या वाटेत रुजेल अशीही भीती होती. २००८ मध्ये अमेरिकेत लुइव्हिलला जगभरचे यकृत सर्जन जमले आणि त्यांनी जपून मत दिलं: एकच गाठ, पाच सेंटीमीटरपर्यंतची, आणि ती २ ते ६ या सेगमेंटमध्ये असेल, तर दुर्बीण चालेल. २०१४ मध्ये जपानमध्ये मोरिओका इथे पुन्हा परिषद झाली. तेव्हा यकृताचा लहान भाग दुर्बिणीतून काढणं ही रूढ पद्धत मानली गेली. मोठा भाग काढणं मात्र अजून अजमावणीच्या टप्प्यावर आहे असं ठरलं.

या काळातला पुरावा मुख्यतः जुन्या केसपेपरांवरून काढलेला होता, आणि त्यात एक मोठी गोम होती. सर्जन सोप्या केस दुर्बिणीसाठी निवडायचे आणि अवघड केस उघडून करायचे. मग दुर्बिणीचे निकाल चांगले दिसले यात नवल ते काय? खरी तुलना करायची तर एकाच प्रकारचे पेशंट घेऊन, कोणाचं कसं करायचं हे सर्जनच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायला हवं.

ऑस्लो विद्यापीठ रुग्णालयाने तेच केलं. हे रुग्णालय दक्षिण-पूर्व नॉर्वेचं यकृत शस्त्रक्रियेचं केंद्र आहे आणि त्या भागात देशाची निम्म्याहून जास्त लोकवस्ती राहते. आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण नॉर्वेत जगात सर्वात जास्त असलेल्या देशांइतकं आहे. फेब्रुवारी २०१२ ते जानेवारी २०१६ या काळात तिथे आतड्याच्या कॅन्सरची गाठ यकृतात असलेल्या २८० जणांना अभ्यासात घेतलं. संगणकाने ठरवलं त्याप्रमाणे १३३ जणांचं ऑपरेशन दुर्बिणीतून आणि १४७ जणांचं पोट उघडून झालं. अभ्यासाचं नाव ऑस्लो-कॉमेट. ब्यॉर्न एडविन हे सर्जन त्याचे प्रमुख होते.

सगळ्यांवरच्या ऑपरेशनचा प्रकार एकच होता: गाठ आणि तिच्याभोवतीची थोडी निरोगी कड काढायची, बाकी यकृत जितकं वाचवता येईल तितकं वाचवायचं. सलग तीन किंवा जास्त सेगमेंट काढावे लागतील असे पेशंट यात नव्हते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२०१८ मध्ये पहिले निकाल आले. ऑपरेशननंतरच्या तीस दिवसांत उपचार करावे लागतील अशी गुंतागुंत दुर्बिणीच्या गटात १९ टक्के लोकांना झाली, उघड्या ऑपरेशनच्या गटात ३१ टक्के. दुसऱ्या शब्दांत, दर आठ-नऊ जणांमागे एकाची गुंतागुंत टळली. औषध किंवा ऑपरेशनच्या जगात हा फरक लहान नाही. रुग्णालयातला मुक्काम दुर्बिणीत सरासरी ५३ तास, उघड्यात ९६ तास. रक्तस्राव, ऑपरेशनला लागलेला वेळ आणि गाठीभोवतीची निरोगी कड, या तिन्हींत दखल घेण्याजोगा फरक नव्हता. ही कड म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या काठावर सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सरपेशी दिसतात का ते. 'एवढ्याशा भोकातून पूर्ण निघेल का' या शंकेला थेट उत्तर देणारं माप हेच, आणि ते दोन्हीकडे सारखं निघालं. पहिल्या महिन्यात आणि चौथ्या महिन्यातही दुर्बिणीच्या गटातले लोक रोजच्या जगण्यात जास्त सावरलेले होते.

पण कॅन्सरमध्ये महिन्याभराचं बरं वाटणं पुरेसं नसतं. पाच वर्षांनी काय? ते निकाल २०२१ मध्ये आले. दुर्बिणीच्या गटात पाच वर्षांनी ५४ टक्के लोक जिवंत होते, उघड्या गटात ५५ टक्के. निम्मे लोक जिवंत असण्याची मुदत एका गटात ८० महिने, दुसऱ्यात ८१. वाटेने आयुष्य कमी केलंय किंवा वाढवलंय असं दिसलं नाही. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. २८० ही संख्या गुंतागुंतीतला फरक मोजण्यासाठी ठरवलेली होती. आयुष्यातला दोन-चार टक्क्यांचा बारीक फरक पकडायला ती अपुरी पडते. तरीही दोन्ही आकडे इतके जवळ आहेत की दुर्बिणीमुळे कॅन्सर मागे राहतो ही भीती बाळगायला कारण उरत नाही.

त्याच अभ्यासातला आणखी एक आकडा मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याची चर्चा फार कमी होते. पाच वर्षांनी कॅन्सर अजिबात न उलटलेले लोक दुर्बिणीच्या गटात ३० टक्के होते आणि उघड्या गटात ३६ टक्के. हा फरकही योगायोगाच्या कक्षेतलाच धरला जातो. पण आता दोन आकडे शेजारी ठेवून बघा. जिवंत ५४-५५ टक्के, आणि कॅन्सर न उलटलेले फक्त ३०-३६ टक्के. याचा अर्थ कॅन्सर पुन्हा दिसूनही पाच वर्षं ओलांडलेले लोक भरपूर आहेत. ते कसे जगले? बऱ्याच जणांवर पुन्हा उपचार झाले: पुन्हा यकृताचा तुकडा काढला, गाठ जाळली, केमो दिली. यकृतात आलेली गाठ उलटली म्हणजे सगळं संपलं असं आपल्याकडे अजून घरोघर समजलं जातं. ते खरं नाही, आणि हे पेशंटला वेळेवर कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

पुन्हा ऑपरेशन करता यायचं तर पहिल्या वेळी यकृत वाचवलेलं असलं पाहिजे. निरोगी यकृताची वाढण्याची ताकद अचाट आहे. पाऊण भाग काढला तरी उरलेला पाव भाग काही आठवड्यांत फुगून काम उचलतो. पण केमोने दमलेल्या यकृताचा निदान ३० टक्के भाग मागे ठेवावा लागतो, सिरॉसिस झालेल्याचा, म्हणजे जुन्या आजाराने व्रण पडून कडक झालेल्या यकृताचा, ४० टक्के किंवा जास्त. म्हणून दोन सेंटीमीटरच्या गाठीसाठी अर्धं यकृत काढणारं दुर्बिणीचं ऑपरेशन आणि तेवढाच तुकडा काढणारं उघडं ऑपरेशन, यांत निवड करायची वेळ आली तर मी बिनदिक्कत दुसऱ्याच्या बाजूने उभा राहीन. पोटावरच्या टाक्यांची लांबी सगळ्यांना दिसते. आत किती यकृत शिल्लक आहे ते कोणालाच दिसत नाही, आणि पुढची वर्षं त्याच्यावर अवलंबून असतात. दुर्बिणीची जमेची बाजू अशी की त्यानंतर पोटात आतडी एकमेकांना आणि यकृताला कमी चिकटतात, त्यामुळे दुसऱ्यांदा आत जाणं सोपं पडतं.

आता ज्यांना ऑस्लोच्या अभ्यासात जागा नव्हती त्यांच्याबद्दल. यकृताची अख्खी उजवी किंवा डावी बाजू काढायची असेल तर काय? यासाठी युरोपातल्या १६ केंद्रांनी मिळून ऑरेंज टू प्लस नावाचा अभ्यास केला, त्याचे निकाल २०२४ मध्ये आले. ऑपरेशन झालेले ३३२ जण, दोन्हीकडे १६६. कोणत्या पद्धतीने झालं हे पेशंटला सुरुवातीला कळू दिलं नव्हतं, म्हणजे 'माझं दुर्बिणीतून झालंय, मी लवकर बरा होणार' या समजुतीचा परिणाम मापात येऊ नये.

त्यांनी बरं होणं कसं मोजलं ते बघण्यासारखं आहे, कारण घरच्यांनाही ते माप उपयोगी पडतं. दुखणं नुसत्या गोळ्यांवर ताब्यात, सलाइन बंद, नेहमीचं जेवण पोटात राहतंय, आधीइतकं चालता-फिरता येतंय, आणि यकृताचे रक्ततपासणीतले आकडे सुधारणीला लागलेत. हे पाचही जमलं की माणूस सावरला असं धरलं. दुर्बिणीच्या गटाला त्यासाठी चार दिवस लागले, उघड्या गटाला पाच. एकच दिवसाचा फरक. मोठ्या गुंतागुंतींत ठोस फरक नव्हता. मात्र ज्यांना ऑपरेशननंतर केमो द्यायची होती त्यांची केमो दुर्बिणीच्या गटात दोनेक आठवडे आधी सुरू होऊ शकली.

मोठ्या ऑपरेशनमध्ये दुर्बिणीचा फायदा आहे, पण लहान ऑपरेशनइतका ठळक नाही. आणि हे निकाल या कामात हात बसलेल्या सर्जनांचे आहेत. वर्षाकाठी यकृताच्या मोजक्याच केस करणाऱ्या ठिकाणी ते तसेच्या तसे लागू होतील असं गृहीत धरणं धोक्याचं आहे. गाठ महाशिरेला चिकटलेली असेल, मुख्य पित्तनळी किंवा रक्तवाहिनी कापून पुन्हा जोडावी लागणार असेल, गाठ खूपच मोठी असेल, तर पोट उघडणं हाच सुज्ञपणा. असं सांगणाऱ्या सर्जनकडे संशयाने बघू नये.

तसंच, दुर्बिणीतून सुरू केलेलं ऑपरेशन मध्येच पोट उघडून पुरं केलं तर ते फसलं असं समजू नका. रक्त आटोक्यात येत नाही किंवा गाठीची कड नीट दिसत नाही असं जाणवताच वाट बदलणारा सर्जन पेशंटचा जीव जपत असतो. संमतीपत्रावर तशी शक्यता लिहिलेली असते. सही करण्याआधी ती घरच्या सगळ्यांना समजावून सांगितलेली बरी, म्हणजे ऑपरेशन थिएटरबाहेर ऐनवेळी गोंधळ उडत नाही.

आतापर्यंत बोललो ते बहुतेक आतड्यातून यकृतात आलेल्या गाठींबद्दल. भारतात खुद्द यकृतात सुरू होणारा कॅन्सरही पुष्कळ दिसतो, आणि तो बहुधा आधीच आजारी असलेल्या यकृतात होतो: हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, आणि आता वाढत्या प्रमाणात मधुमेह-लठ्ठपणाबरोबर येणारं फॅटी लिव्हर. सिरॉसिस झालेल्या माणसाच्या पोटाच्या भिंतीत रक्ताने आडवाटा काढलेल्या असतात, तिथल्या शिरा फुगलेल्या असतात. लांब छेद घेतला की त्या कापल्या जातात आणि नंतर पोटात पाणी साठतं. दुर्बिणीत त्या बऱ्याच वाचतात, त्यामुळे जलोदर (हेच पोटात साठणारं पाणी) आणि यकृत निकामी होण्याचा धोका कमी दिसतो. इथला पुरावा ऑस्लोच्या तोडीचा नाही. तो मुख्यतः झालेल्या ऑपरेशनच्या नोंदींवरून आलेला आहे. पण अनेक देशांतून तो एकाच दिशेने बोट दाखवतो. सिरॉसिस वाढलेला असेल आणि गाठी लहान असतील, तर अशा माणसासाठी तुकडा काढण्यापेक्षा यकृत प्रत्यारोपण हा जास्त चांगला पर्याय असू शकतो. एकच गाठ पाच सेंटीमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन गाठी प्रत्येकी तीन सेंटीमीटरपर्यंत, हा १९९६ मध्ये मिलान शहरातून आलेला निकष आजही त्यासाठी वापरतात.

आणि काही गाठी काढायच्याच नसतात. दुसऱ्याच कारणाने सोनोग्राफी केली आणि हिमँजिओमा निघाला, ही रोजची गोष्ट आहे. तो रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गुच्छ असतो. त्रास नसेल तर बहुतेकांना त्याचं ऑपरेशन लागत नाही. 'दुर्बिणीतून सहज निघेल, काढून टाकू' हे अशा गाठीबाबत कोणी म्हणालं, तर दुसऱ्या यकृततज्ज्ञाचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका, असं मी कळकळीने सांगेन. वाट सोपी झाली म्हणून जायचं कारण तयार होत नाही.

आतड्यातून आलेल्या आणि तीन सेंटीमीटरपर्यंतच्या लहान गाठींसाठी आता आणखी एक पर्याय पुढे आला आहे: सुई घालून गाठ उष्णतेने जाळणं. नेदरलँड्समधून चालवलेल्या कोलिजन या अभ्यासात अशा गाठी जाळल्या काय आणि कापल्या काय, आयुष्याच्या दृष्टीने फरक दिसला नाही, आणि जाळण्यात उपद्रव कमी झाले. म्हणजे 'दुर्बीण की उघडं' या प्रश्नाआधी 'कापायलाच हवं का' हा प्रश्न विचारायला जागा आहे. रोबोटबद्दल थोडक्यात: तो दुर्बिणीचाच प्रकार आहे, हत्यारं मनगटासारखी वळतात म्हणून वरच्या-मागच्या सेगमेंटमध्ये सर्जनला सोपं जातं. पण पेशंटचा कॅन्सर त्यामुळे जास्त बरा होतो असा पुरावा नाही, आणि आपल्याकडे रोबोटचं बिल वेगळं लागतं. त्यासाठी दागिने मोडायची किंवा कर्ज काढायची गरज नाही.

खर्चाचं आणखी एक. ऑस्लोच्या अभ्यासात दोन्ही पद्धतींचा खर्च सारखाच भरला, कारण दुर्बिणीच्या महागड्या साहित्याची भरपाई कमी दिवसांच्या मुक्कामातून झाली, आणि दोन्ही बाजू सरकारी खात्यातच होत्या. आपल्याकडे स्टेपलरच्या एकेका काडतुसाचे पैसे पेशंटच्या बिलात येतात. तेव्हा अंदाजपत्रक मागताना दोन्ही पद्धतींचं मागा, आणि आयसीयूचे दिवस धरून मागा. त्याच भेटीत सर्जनना विचारा की वर्षाला यकृताची किती ऑपरेशनं होतात, माझी गाठ कोणत्या सेगमेंटमध्ये आहे, मागे किती टक्के यकृत उरेल, आणि केस ट्यूमर बोर्डासमोर, म्हणजे सर्जन, कॅन्सरतज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट यांच्या एकत्र बैठकीत ठेवली आहे का. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही.

शेवटी घरी जाण्याबद्दल, कारण दुर्बिणीमुळे ही वेळ लवकर येते. यकृताच्या कापलेल्या कडेतून पित्त गळणं ही या ऑपरेशनची खास गुंतागुंत आहे आणि ती कधीकधी चौथ्या-पाचव्या दिवसानंतर, किंवा त्याहूनही उशिरा डोकं वर काढते. तिसऱ्या दिवशी सुटी झालेला माणूस तोवर घरी पोचलेला असतो. ऑस्लोत घरापासून चांगलं रुग्णालय फार लांब नसतं. गडचिरोलीहून किंवा नंदुरबारहून मुंबईला ऑपरेशनला आलेल्या कुटुंबाचं तसं नाही. जमत असेल तर सुटीनंतर आठवडाभर त्याच शहरात नातेवाइकांकडे किंवा धर्मशाळेत थांबा. ताप, थंडी वाजून येणं, डोळे पिवळे दिसणं, पोट फुगणं, वाढत जाणारं दुखणं, जखमेतून हिरवट-पिवळं पाणी येणं, किंवा माणूस विसरल्यासारखा, गुंगीत असल्यासारखा वागू लागणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नका. सुटीच्या कागदावर वॉर्डचा रात्री उचलला जाणारा फोन नंबर लिहून घ्या, आणि गावी परतल्यावर तो कागद तिथल्या डॉक्टरांनाही दाखवून ठेवा.